महाडला एक रात्र राहा

महाडचा आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे अष्टविनायकातलं ना?" ते महड. खोपोलीजवळचं, वरदविनायकाचं. आमचं महाड त्याच रायगड जिल्ह्यात, पण पार दक्षिणेला, गांधारी नदी सावित्रीला मिळते तिथे. ज्यांना हे ठाऊक असतं त्यांनीही महाड बहुतेक गाडीच्या काचेतूनच पाहिलेलं असतं. गोव्याला किंवा रत्नागिरीकडे गावी जाताना महामार्ग शहराच्या कडेकडेने निघून जातो. पोलादपूरला घाट चढायच्या आधी चहासाठी गाडी थांबायची, कशेडीचा बोगदा झाल्यापासून तीही गरज उरलेली नाही. आणि जे खास येतात ते रायगडासाठी. पहाटे पुण्या-मुंबईहून निघायचं, रोपवेने वर, दोन तासांत गड, खाली येऊन जेवण, आणि अंधार पडायच्या आत परतीची वाट.

या सगळ्यांना मनापासून विनंती आहे. एक रात्र राहा, जमलं तर दोन. माझं इथे लॉज नाही, गाड्या भाड्याने द्यायचा धंदाही नाही. पण महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत जे पाहण्यासारखं आहे त्यातलं काही उजाडताना दिसतं, काही दिवेलागणीला, तर काही मध्यरात्री. भर दुपारी बाराला येऊन चारला जाणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, आणि "महाडात आहे काय?" असं तोच विचारतो.

आधी कधी येऊ नये ते सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, घाटावर मुसळधार पाऊस सुरू असताना येऊ नका. सगळं हिरवंगार दिसतं हे खरं, धबधबे तेव्हाच असतात हेही खरं. पण आमची सावित्री महाबळेश्वरात उगम पावते. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ते पाणी काही तासांत डोंगर उतरून पोलादपूरला येतं. तिकडे बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी वर चढत असतं. वरचं उतरणारं आणि खालचं चढणारं, दोन्ही एका वेळेला भेटली की महाडात पाणी शिरतं. पोटमाळ्यावर काय न्यायचं आणि कुठल्या क्रमाने न्यायचं हे इथल्या माणसांना पाठ आहे. २२ जुलै २०२१ ला मात्र पोटमाळेही पुरले नाहीत. त्याच दिवशी तळियेची वाडी दरडीखाली गेली आणि ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखरला आणि केवनाळ्याला त्याच पावसाने घरं गाडली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल पुढच्या जूनमध्ये उभा राहिला. आज तुमची गाडी त्यावरून काही सेकंदांत जाते. पाणी चढलेलं असताना तिथे फोटोसाठी गाडी थांबवू नका, एवढं सांगायचा हक्क आम्हाला आहे असं मी समजतो. तळियेलाही "काय झालं होतं ते बघू या" म्हणून जाऊ नका. ज्यांचं घर तिथे होतं ती माणसं अजून आहेत.

तेव्हा या, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. भात कापून झालेला असतो, शेतात वाल पेरलेला असतो, सकाळी नदीवर धुकं असतं, आणि डोंगर स्वच्छ दिसतात.

मुंबईकडून येत असाल तर महाड यायच्या थोडं आधी गांधारपाले गाव लागतं. रस्त्यावरूनच वरच्या डोंगरात काळी दारं ओळीने दिसतात. ती बौद्ध लेणी. रोज शेकडो गाड्या खालून जातात आणि वर चढणारी माणसं मोजकी. पायऱ्या आहेत, चढ वीस-पंचवीस मिनिटांचा. अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत, कार्ल्यासारखा भव्य चैत्यही नाही, तशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. भिक्षूंच्या राहण्याच्या कोठड्या, दगडी बाक, आणि ओसरीतून दिसणारं सावित्रीचं खोरं. महाड तेव्हा बंदर होतं, घाटावरून माल उतरायचा आणि खाडीने बाहेर जायचा, हे त्या ओसरीत बसल्यावर कुणी न सांगता कळतं. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचं दान नोंदवलेलं आहे: लेणं, चैत्यगृह, आठ कोठड्या आणि दोन्ही अंगांना पाण्याची टाकी. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने दुसऱ्यांसाठी पाणी खोदून ठेवलं आणि ते दान दगडावर लिहिलं.

हे लक्षात ठेवून खाली उतरा आणि सरळ चवदार तळ्यावर जा. अंतर फार नाही.

तळं भर वस्तीत आहे. आजूबाजूला दुकानं, घरं, शाळेतून परतणारी मुलं. संध्याकाळी या म्हणजे काठावर बसायला मिळेल. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने आपल्या तळ्यापुरता तसा ठरावही केला. पण कागदावरचं पाणी कुणाच्या ओंजळीत आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून माणसं घेऊन रांगेने इथवर चालत आले आणि पाणी प्यायले. त्यांच्याबरोबर इथलेच लोक होते. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, ज्यांनी या परिषदेसाठी गावोगाव पायपीट केली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस. अनंतराव चित्रे. त्या दिवशी पुढे काय झालं तेही आम्ही सांगायला हवं. 'आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार' अशी अफवा गावात उठली आणि परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. मग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. पालिकेने ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं.

डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले तेव्हा मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगावच्या बंदराला उतरले आणि तिथून महाडपर्यंत सगळे पायी आले. परिषदेला कुणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. २५ डिसेंबर १९२७ ला परिषदेच्या मंडपापाशी मनुस्मृती जाळण्यात आली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. आणि तळ्याचा अखेरचा निकाल मुंबई हायकोर्टाने १९३७ च्या मार्चमध्ये दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं.

घाना देशाच्या किनाऱ्यावर केप कोस्ट नावाचा किल्ला आहे. माणसं गुलाम म्हणून जिथून जहाजांत भरली जायची, त्या तळघरातल्या कोठड्या तिथे आज उघड्या ठेवलेल्या आहेत, आणि अमेरिकेतून त्यांच्या वंशातली माणसं येऊन तिथे उभी राहतात. पाहुणा आला की त्याला आधी समुद्रकिनारा दाखवावा आणि ही जागा झाकून ठेवावी, असं तिथल्या लोकांनी केलं नाही. माझ्या गावातल्या माणसांनाही मी हेच सांगतो. पाहुण्याला रायगड दाखवता तसं तळंही दाखवा, त्या लढ्याच्या स्मृतीतला क्रांतिस्तंभही दाखवा, आणि कुणी मारलं, कुणी जागा दिली, दोन्ही सांगा.

२० मार्चला इथे विदर्भ-मराठवाड्यापासून माणसं येतात. डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल, हातात निळा झेंडा, पुस्तकांच्या स्टॉलसमोर गर्दी. 'त्या दिवशी गर्दी असते, टाळा' असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. मी उलट सांगेन. आयुष्यात एकदा त्याच दिवशी या. गाडी लांब लावा, चालत या, रांगेत उभे राहा.

आता रायगड. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी फक्त कसा पाहावा तेवढं सांगतो. आदल्या रात्री पाचाडला किंवा रायगडवाडीत राहा. घरगुती सोय होते, फार अपेक्षा ठेवू नका, गरम पाणी आणि भाकरी मिळेल. झोपायच्या आधी पाचाडात जिजाऊंची समाधी आणि वाडा पाहा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला. मुलगा छत्रपती झालेला पाहून अवघ्या अकरा दिवसांनी. गडावरचा गार वारा त्यांना मानवत नसे म्हणून महाराजांनी खाली हा वाडा बांधला, असं सांगतात. वाड्यात आता जोती आणि विहीर उरली आहे, तरी तिथे घटकाभर बसा.

सकाळी उजाडता उजाडता चित दरवाजाकडून पायऱ्या चढायला लागा. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याबरोबर लहान मूल किंवा वयस्कर माणूस आहे, त्यांनी रोपवेने खुशाल जावं, १९९६ पासून ती सोय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चढून जावं. महादरवाजा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दोन बुरूज एकदम अंगावर येतात. रोपवेतून उतरणाऱ्याला हा क्षण कधीच मिळत नाही. शत्रूला गड कसा दिसत असेल ते ज्याने पायांनी अनुभवलं त्यालाच हा गड राजधानीसाठी का निवडला ते कळतं.

वर गेल्यावर धावपळ करू नका. गंगासागराच्या काठी थांबा. नगारखान्यातून सदरेकडे पाहा, आणि बरोबरच्या माणसाला सिंहासनाच्या जागेपाशी हळू बोलायला सांगा, इथवर ऐकू येतं. बाजारपेठेत गाइड सांगतात की जोती उंच आहेत ती घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून. मला ते पटत नाही. इथला पाऊस ज्याने पाहिलाय तो दुकानाचं जोतं उंचच बांधेल. जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलेलं आहे. राजधानी उभारणाऱ्या माणसाने आपलं नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली ठेवलं. बहुतेक जण ते न वाचताच ओलांडून जातात. तुम्ही वाका, वाचा, मग पुढे महाराजांच्या समाधीपाशी जा.

११ जुलै २०२५ ला रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. अभिमान वाटतोच, काळजीही वाटते, कारण आता गर्दी आणखी वाढणार. वाटेत गावातल्या बायका ताक, लिंबूसरबत, काकडी घेऊन बसलेल्या असतात. डोक्यावरून हंडा चढवून आणलेलं ताक असतं ते. "मावशी, ताक द्या" म्हणा, सांगतील तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका. आणि खालून नेलेली पाण्याची बाटली रिकामी झाली तरी पाठपिशवीतूनच खाली आणा. टकमक टोकावरून दरीत भिरकावलेली बाटली वाऱ्याने कुठे तरी जाते असं वाटतं. ती आमच्या ओढ्यात येते.

बिरवाडीच्या पुढे काळ नदीत वाळणकोंड आहे. खडकात खोल डोह, वर झुलता पूल, काठी वरदायिनी देवी. डोहात मोठाले मासे आहेत, महासीर जातीचे, आणि ते देवीचे म्हणून कुणी धरत नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मासेमारी चालते, पण या डोहात नाही. सरकारी पाटी लागण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने हा नियम पाळलाय. नायजेरियात ओशोग्बो नावाच्या शहराजवळ ओशुन नदीच्या काठी अशीच एक देवराई आहे. तिथेही नदीदेवीच्या भीतीने आणि भक्तीने मासे धरायला, झाडं तोडायला बंदी, आणि २००५ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. इतक्या लांबच्या दोन नद्यांवर दोन लोकांना एकच गोष्ट सुचली याचं मला फार अप्रूप वाटतं. वाळणकोंडला जाल तेव्हा डोहात उतरू नका, पाणी दिसतं त्यापेक्षा खोल आहे. माशांना वेफर आणि बिस्किटं टाकू नका, आणि निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी तर नकोच. खाली औद्योगिक वसाहतीनंतर सावित्रीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय. वरचा एक डोह तरी शाबूत राहू दे.

नाणेमाचीच्या धबधब्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या भागातल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे देशभरात गिधाडं मोठ्या संख्येने मेली, मेलेल्या गुराचं मांस खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. महाडच्या सिस्केप संस्थेने या पक्ष्यांसाठी रायगड जिल्ह्यात वर्षानुवर्षं काम केलं आहे. अशा कड्याखाली स्पीकर लावून नाचायला जाऊ नका. हिवाळ्यात गावातला वाटाड्या घेऊन जा, दुर्बीण न्या, गप्प बसा. धबधबा बारीक झालेला असेल, पण कड्यावरून पंख न हलवता निघालेलं गिधाड दिसलं तर धबधब्याची आठवणही होणार नाही.

पोलादपूर तालुका डोंगरातला. घरं पुष्कळ, माणसं थोडी. तरुण मुंबईला, सुरत-बडोद्याला कामाला, गणपती-शिमग्याला गाव भरतं. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. १६७० मध्ये कोंढाण्यावर ते पडले आणि त्यांचा देह मढे घाटाने इथे आणला, ही आठवण गावाने जपली आहे. शेजारी शेलारमामांची समाधी. सिनेमा पाहून जाणारे पुतळ्यासमोर फोटो काढून पाच मिनिटांत निघतात. तुम्ही समोरच्या एखाद्या ओसरीवर "काका, बसू का जरा?" असं विचारा. पुढचं काका सांगतील. पोलादपुरातच 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांचं चरित्र संस्कृतात लिहिणारा हा कवी इतका रस्त्यालगत विसावलाय आणि त्याच्या दाराशी मात्र कुणी थांबत नाही.

चंद्रगड आणि मंगळगडावर पायवाटेची सवय असलेल्यांनीच जावं, तेही गावातला माणूस बरोबर घेऊन. ढवळ्यातून चंद्रगडाकडे जाणारी वाट फसवी आहे. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर जंगलात शिरलेल्यांना शोधायला मग गावकरीच रात्रीचे निघतात, भात लावणी असो की आजारपण.

शिवथरघळीला बहुतेक जण पावसात जातात, कारण घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला अशी श्रद्धा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ही जागा पुन्हा उजेडात आणली. मी म्हणेन डिसेंबरात जा. पाण्याचा आवाज नसतो तेव्हा घळीतली शांतता ऐकू येते.

मध्यरात्रीचं म्हटलं होतं, ते छबिन्याचं. महाशिवरात्रीनंतर वीरेश्वर महाराजांचा छबिना असतो. आजूबाजूच्या गावांच्या देवी पालखीतून भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते. सासणकाठ्या नाचवतात, खालूबाजा रात्रभर थांबत नाही. हे तेच देऊळ, ज्याच्या नावाने १९२७ मध्ये अफवा उठली होती. मी दोन्ही जागी तुम्हाला बोलावतोय, कारण एका जागेची लाज आणि दुसरीचा आनंद असे वेगवेगळे कप्पे करून मला माझ्या गावात राहता येत नाही. छबिन्याला आलात तर पालखीच्या वाटेत मोबाइल उंच धरून उभे राहू नका. काठी तोलणाऱ्याला समोर मोकळी जागा लागते.

आणि जेवणाचं. महामार्गावर पंजाबी थाळी मिळेल, ती कुठेही मिळते. पाचाडला, उमरठला, वाळणला कुणाच्या घरी जेवायचं ठरवा. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकट, आणि सांगितलंत तर कडव्या वालाचं बिरडं. पण ते आल्यावर सांगून होत नाही. वाल रात्रभर भिजत घालायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. घरातल्या दोन बायकांची दुपार त्यात जाते. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी फोन करा, किती जण येणार ते नक्की सांगा, आणि सांगितलं तेवढे या.